कारकुनी यंत्राची, सूत्रधारकी माणसाची

पेडणे-डिचोलीकडील काही जुन्या घरांच्या सोप्यावर अलीकडे एक नवा खेळ येऊन बसला आहे. चार-पाच तरुण मुले गोल करून बसतात. मध्ये कागद, पेन्सिली आणि कधी न पाहिलेल्या आकारांचे फासे असतात. रात्री उशिरापर्यंत राक्षसांच्या, ओस पडलेल्या किल्ल्यांच्या, मंत्रविद्येच्या गोष्टी चालतात. गेल्या काही वर्षांत त्या कागदांच्या जागी लॅपटॉप आले, आणि समोर बसणारा पाचवा गडी मस्कतहून किंवा पुण्याहून पडद्यावर दिसू लागला.

या खेळासंबंधी दोन मते आमच्या कानी येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, हे परदेशी खूळ आहे, त्यात पोरांचा वेळ आणि बुद्धी दोन्ही वाया जातात. तरुणांपैकी काही म्हणतात, खेळ उत्तमच आहे, परंतु आता त्याला माणसांची तितकीशी गरज राहिलेली नाही. नकाशा यंत्र दाखवते, फासे यंत्र टाकते, हिशेब यंत्र ठेवते आणि आता कथाही यंत्रच सांगते. ही दोन्ही मते आम्हांस अमान्य आहेत. पहिल्यात आपल्याच परंपरेचे विस्मरण आहे आणि दुसऱ्यात त्या परंपरेचा गाभाच टाकून देण्याची तयारी आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की या खेळातील कारकुनी यंत्राकडे खुशाल सोपवावी, पण सूत्रधाराचे आसन यंत्राला देऊ नये.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याचे स्वरूप सांगणे अवश्य आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाचा हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची होती. यात एक जण सूत्रधार असतो. बाकीचे प्रत्येकी एक सोंग घेतात : कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. सूत्रधार प्रसंग उभा करतो : "नदीवरचा पूल तुटलेला आहे, पलीकडे उजेड दिसतो, मागून पावले ऐकू येताहेत, काय कराल?" पुढचे सारे खेळणाऱ्यांनी आपापल्या तोंडाने बोलायचे. जे कृत्य साधेल की नाही याची शंका असेल त्याचा निकाल फाशावर लागतो. हे फासे चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे असतात. या खेळात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. एकच आख्यान महिनोन् महिने चालते. लिहिलेली संहिता नसते. असतात ते नियम, एक कथासूत्र आणि जमलेल्या माणसांची वाणी.

आता आमच्या समवयस्क वाचकांनी क्षणभर विचार करावा. संहिता नाही, कथासूत्र आहे. पाठांतर नाही, सोंग आहे. आणि सारे सांभाळून नेणारा एक सूत्रधार आहे. हे वर्णन आपण कोठे पाहिले? ज्याने मांद्रे, पार्से, धारगळ येथील किंवा साळ, मेणकुरे, लाटंबार्शाकडील जत्रांत दहीकाल्याच्या रात्री जागवल्या आहेत, त्याला हे सांगावे लागू नये. दशावतारी मंडळी देवळात उतरली, की आज कोणते आख्यान लावायचे ते ठरते. जाणता नट कथेचा सांगाडा सांगतो, सोंगे वाटली जातात, आणि मग पेटी-मृदंग-झांजेच्या साथीने पहाटेपर्यंत जे संवाद होतात त्यांतील ओळही कागदावर नसते. एकच बाकडे सिंहासन होते, तेच पर्वत होते. निरनिराळ्या कंपन्यांचे कलावंत एकत्र येऊन जे 'संयुक्त दशावतार' करतात, त्यांत तर एकमेकांबरोबर तालीम न केलेली माणसे रात्रभर उत्तम नाटक उभे करतात. कारण रामायण-महाभारत आणि पुराणे हा सर्वांचा समान नियमग्रंथ असतो.

पेडणे महाल १७८८ साली पोर्तुगिजांकडे जाईपर्यंत सावंतवाडीकरांच्या अमलाखाली होता. राज्य बदलले, पण जत्रा आणि तिच्यातला दहीकाला बदलला नाही. आपल्या घराण्यांनी तो पिढ्यान्पिढ्या जपला. मराठी रंगभूमीचा उगमही याच जातीच्या नाटकातून आहे. विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत 'सीता स्वयंवर' केले, तेव्हा पदे सूत्रधार म्हणत असे आणि पात्रे आपले गद्य भाषण आयत्या वेळी करीत असत. लिखित संवादांची 'बुकिश' नाटके पुढे आली. विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे त्यांतील आरंभीचे नाटक १८६१ सालचे. तेव्हा सूत्रधार, सोंग आणि उत्स्फूर्त भाषण यांवर चालणारा खेळ परदेशी म्हणून हिणवणाऱ्याने आधी आपल्या देवळातला मंडप पाहावा. फासेही आपल्याला परके नाहीत. सारीपाट आपल्या घरांत होता, आणि नलराजाने ऋतुपर्णाकडून अक्षविद्या मिळवल्याची कथा आपल्याच महाभारतात आहे.

हा झाला वडीलधाऱ्यांना जबाब. आता तरुणांशी बोलू.

हा खेळ चालवण्यासाठी संगणकावरची जी साधने निघाली, त्यांचा इतिहास वीस वर्षांहून जुना आहे. 'फँटसी ग्राउंड्स' हे साधन २००४ सालचे, 'रोल ट्वेंटी' २०१२ चे, 'डी अँड डी बियाँड' २०१७ चे आणि 'फाउंड्री' २०२० चे. यांत एक आभासी पट असतो. त्यावर नकाशा पसरता येतो. ज्या दालनात सोंग अजून गेलेले नाही ते दालन काळोखात राहते. सोंगाचे बळ, चापल्य, जखमा, जवळची चीजवस्तू यांची नोंद आपोआप होते. कोणाची पाळी कधी हे यंत्र लक्षात ठेवते. फासे टाकून बेरीजही तेच करते. २०२० सालच्या टाळेबंदीत या साधनांनी अनेकांचे खेळ जिवंत ठेवले.

या सोयींची आम्ही थट्टा करणार नाही. आमची उभी नोकरी सरकारी दप्तरात गेली. एक-चौदाच्या उताऱ्यासाठी शेतकऱ्याने तालुक्याला खेपा घालाव्यात, आणि कारकुनाने जाडजूड बाडे उपसावीत, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहिले. संगणक आला आणि तो उतारा काही मिनिटांत हाती पडू लागला. त्यात हळहळण्यासारखे काय आहे? परंतु मुंडकाराच्या घराचा वाद उभा राहिला, म्हणजे मामलेदाराला दोन्ही पक्षांना समोर बसवावेच लागते, साक्षी घ्याव्या लागतात, प्रसंगी जागेवर जाऊन अंगण कोठे संपते ते पाहावे लागते. नोंद ठेवणे आणि निवाडा करणे ही दोन कामे आहेत. पहिले यंत्राने केले तर दुसऱ्याला अधिक वेळ मिळतो. पहिले यंत्राने केले म्हणून दुसरेही त्यालाच द्या, असे म्हणणारा मनुष्य दप्तर जाणतो, कारभार जाणत नाही.

आपल्या घरांची आजची स्थिती पाहता तर या साधनांचे मोल आणखी वाढते. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोलीतील कित्येक घरांचा रोजगार गेला. पेडण्यातील मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी आधीपासूनच बाहेर होती. चुलत भावंडे चतुर्थीला एकत्र येतात, एरवी वर्षभर चार शहरांत असतात. अशा भावंडांना आठवड्यातून एक रात्र एका आख्यानात एकत्र आणणारे साधन हे आम्हांस एकत्र कुटुंबाच्या मोडक्या भिंतीला दिलेला टेकू वाटते. ज्याला अंथरुणातून उठता येत नाही, ज्याची नजर मंदावली आहे, ज्याला इतके नियम पाठ होणे शक्य नाही, त्यालाही या यंत्राने पंक्तीत जागा करून दिली आहे. हे सारे मान्य करूनच आमचे तीन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप देखाव्यासंबंधी आहे. दशावतारात गेल्या काही दशकांत 'ट्रिकसीन' नावाचा प्रकार शिरला. विजेच्या करामतीने नाग फणा काढतो, मुंडके उडते, धुरातून देवी प्रकटते. गर्दी जमते, जाहिरातीत 'ट्रिकसीनयुक्त' असे ठळक छापले जाते. जाणत्या प्रेक्षकाला मात्र ठाऊक असते, की नाग दिसू लागला म्हणजे नागाचे वर्णन करणारा नट गप्प होतो. आभासी पटाचे तेच आहे. नकाशावर दार रंगवलेले दिसले, की मुलगा फक्त दाराकडे जातो. दार रंगवलेले नसते, तर त्याने विचारले असते : भिंतीला खिडकी आहे काय? छप्पर नळ्यांचे आहे काय? मागच्या परसात विहीर आहे काय? आणि सूत्रधाराला त्या क्षणी विहीर खोदावी लागली असती. या खेळाचा सारा आनंद त्या विहिरीत आहे. खेळाच्या मालक कंपनीने 'सिजिल' नावाचा एक त्रिमितीय पट बराच खर्च करून बनवला, २०२५ च्या फेब्रुवारीत तो लोकांपुढे आणला आणि मार्चमध्येच त्यावर काम करणाऱ्या बहुतेकांना कमी केले. देखावा महाग असतो आणि अल्पायुषी असतो, एवढे तरी यातून समजावे. बाकड्याला तो धोका नाही.

फाशांचेही तसेच. यंत्राचा फासा खोटा पडतो असा आमचा आरोप नाही. परंतु लाकडी पाटावर गडगडत जाणारा फासा सारे जण श्वास रोखून पाहतात. तो सर्वांसमोर पडतो म्हणून सर्वांना मान्य होतो. द्यूतसभेत दुर्योधनाच्या वतीने फासे टाकले ते शकुनीने, आणि ती वतनदारी युधिष्ठिराने मान्य केली तेथेच अनर्थाला आरंभ झाला. दूरच्या भावंडांसाठी यंत्राचा फासा असू द्या. एका सोप्यावर पाच जण बसले असताना तरी प्रत्येकाने आपला फासा आपल्या हाताने टाकावा.

दुसरा आक्षेप मालकीसंबंधी आहे, आणि माजी सरकारी नोकर या नात्याने तो आम्हांस अधिक गंभीर वाटतो. दशावतारी कंपनीचा पेटारा कंपनीचा असतो. कागदावर लिहिलेले सोंग मुलाचे असते. ते त्याच्या कपाटात वीस वर्षे राहील. पडद्यावरचे सोंग कोणाचे? या खेळाच्या चौथ्या आवृत्तीसाठी सोंगे तयार करून ठेवण्याचे अधिकृत साधन वर्गणीवर मिळत असे. ते १ जानेवारी २०२० रोजी बंद झाले, कारण ज्या संगणकी पायावर ते उभे होते तो पायाच कालबाह्य झाला. 'डी अँड डी बियाँड' हे संकेतस्थळ २०२२ साली हॅस्ब्रो या खेळणी-कंपनीने विकत घेतले. खेळाची मूळ मालकी १९९९ पासून तिच्याकडे आहेच. पुढे २०२४ च्या ऑगस्टमध्ये असे जाहीर झाले, की खेळणाऱ्यांच्या नोंदपत्रकांतील जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू काढून त्या जागी नव्या आवृत्तीतील नियम बसवले जातील. लोकांनी पैसे मोजून घेतलेल्या ग्रंथांतील मजकूर त्यांच्या पत्रकातून परस्पर बदलणार होता. ओरड झाली तेव्हा काही दिवसांतच तो निर्णय मागे घेतला गेला. निर्णय मागे घेतला हे चांगलेच झाले, परंतु दप्तराची किल्ली कोणाकडे आहे ते त्या दिवशी सर्वांना कळले. आपण गोव्याची माणसे जमिनीच्या कागदांबाबत काकणभर अधिकच दक्ष असतो. तीच दक्षता मुलांनी आपल्या कल्पनेच्या कागदांबाबत का दाखवू नये?

तिसरा आक्षेप सर्वांत मोठा. २०१९ साली 'एआय डंजन' नावाचे साधन आले. त्यात सूत्रधार नाहीच. आपण लिहावे आणि यंत्राने कथा पुढे न्यावी. त्यानंतरच्या वर्षांत अशी यंत्रे पुष्कळ सुधारली. आता ती गावांची नावे सुचवतात, खलनायकाचे भाषण लिहितात, अख्खे आख्यान रचतात. तरुण विचारतात, मग सूत्रधार हवा कशाला? तो मिळतही नाही. त्याला आठवडाभर तयारी करावी लागते, आयत्या वेळी तो आजारी पडतो, नाराज होतो. यंत्र मध्यरात्रीही तयार असते.

तयार असते हे खरे. पण ते कोणाला नाही म्हणत नाही, हाच त्याचा दोष आहे. मुलगा म्हणतो, मी एका उडीत डोंगर ओलांडतो; यंत्र म्हणते, वा, ओलांडलास. भाटाला आणि सूत्रधाराला आपल्या भाषेत वेगळे शब्द आहेत ते उगीच नाहीत. चांगला सूत्रधार पाच तोंडांकडे एकाच वेळी पाहतो. एक मुलगी बराच वेळ गप्प आहे हे त्याच्या ध्यानात येते आणि तो तिच्या सोंगाला उद्देशून प्रश्न टाकतो. एक जण फार बोलतो आहे, त्याला तो चातुर्याने अडवतो. कोणाच्या घरी नुकतेच दुःख झाले आहे हे त्याला ठाऊक असते आणि त्या रात्री तो मरणाचा प्रसंग टाळतो. दशावताराच्या पूर्वरंगात मालवणीत बोलणारा संकासुर असतो. समोर कोण बसले आहे, गावात काल काय घडले, कोणाला काय लागेल आणि कोणाला हसू येईल, हे पाहून त्याचा शब्द निघतो. पुढच्या आख्यानात तीच मंडळी संस्कृतप्रचुर मराठीत युद्धाचे आव्हान देतात. बोलीतून ग्रंथभाषेत आणि ग्रंथभाषेतून बोलीत एका श्वासात जाण्याची ही विद्या समोरच्या माणसांकडे पाहतच शिकता येते.

येथे आमच्या काळजीचा खरा विषय येतो. आपल्या घरांतील मुले मराठी वाचतात थोडी, लिहितात त्याहून थोडी, आणि न अडखळता सलग दहा वाक्ये बोलण्याचा प्रसंग त्यांच्यावर जवळजवळ येतच नाही. शाळेत उत्तर असते, भ्रमणध्वनीवर तुटक निरोप असतो, घरात हूं-हूं असते. कीर्तन ऐकायला ती जात नाहीत, दहीकाल्याला गेली तर दुकाने पाहून परततात. अशा काळात एक खेळ त्यांच्या हाती आपण होऊन आला आहे, ज्यात बोलल्यावाचून पाऊलही टाकता येत नाही. त्यातले बोलणेही यंत्रावर सोपवायचे, आणि मुलांनी फक्त कळ दाबायची, तर मग उरले काय? शिवाय जी साधने आम्ही पाहिली त्यांचा व्यवहार इंग्रजीतून चालतो. मुलांच्या तोंडी येणारे उद्गारही मग इंग्रजी होतात. सोप्यावर बसून आजीला न समजणाऱ्या भाषेत राक्षस मारण्यात कसले शौर्य?

कोणी म्हणेल, हे अरण्यरुदन आहे, उपाय सांगा. उपाय आहे, आणि तो आपल्या साहित्य संस्थेच्या आवाक्यातला आहे. जानेवारी २०२३ मध्ये या खेळाच्या जुन्या मुक्त परवान्यात बदल करण्याचा कंपनीचा मनसुबा फुटला. जगभरच्या खेळणाऱ्यांनी तीव्र विरोध केला. त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीला माघार घ्यावी लागली आणि पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली खुले करावे लागले. याचा व्यावहारिक अर्थ असा, की योग्य तो श्रेयनिर्देश करून ते नियम कोणीही मराठीत आणू शकतो. कोणाची परवानगी नको, कोणाला मानधन नको. परिभाषा घडवण्याची हौस असलेली निवृत्त मंडळी आपल्यात थोडी नाहीत. 'सेव्हिंग थ्रो'ला मराठीत काय म्हणावे यावर एक सायंकाळ वाद घालण्यासारखा आनंद दुसरा कोणता?

ते पुस्तक मराठीत आले, की त्यातील ड्रॅगन काढून वेताळ बसवावा, परदेशी तळघराच्या जागी हळर्ण्याचा किंवा तेरेखोलचा किल्ला ठेवावा. उन्हाळ्याच्या सुटीत शिबिर भरवावे, आणि तेथे सूत्रधारकी शिकवायला संगणकतज्ज्ञाआधी दशावतारी कलावंताला बोलवावे, योग्य मानधन देऊन. ऐनवेळी प्रसंग कसा फिरवावा, विसरलेल्या सोबत्याला कसे सावरून घ्यावे, लांबलेले आख्यान पहाटेच्या आत कसे आटोपावे, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक आहे? संगणकही तेथे असावा. त्याने जखमांचा हिशेब ठेवावा, पाळी सांगावी, मस्कतच्या भावाला पंक्तीत आणावे. साधन निवडताना जे एकदा किंमत देऊन आपल्याच संगणकावर ठेवता येते ते पाहावे, 'फाउंड्री'सारखे. आणि प्रत्येक खेळानंतर सोंगाची नोंद कागदावर उतरवून घ्यावी. कथा मात्र माणसाने सांगावी, मराठीत सांगावी, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगावी.

वडीलधाऱ्यांकडेही एक मागणे आहे. नातवंडे खेळायला बसली, की दिवा मालवून झोपायला सांगू नका. जवळ खुर्ची ओढून बसा. त्यांच्या सूत्रधाराला एखादे उपकथानक कमी पडत असेल तर ते तुमच्याजवळ आहे. पुराणे तुम्ही ऐकलेली आहेत, त्यांनी नाहीत. आज ते सांगितले नाही, तर उद्या ती यंत्रालाच विचारतील आणि यंत्र त्यांना हवे तसे सांगेल. मग तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.